खरी नक्कल

वस्तू विकत घेतली, पावती हातात पडली, की माणूस तिचा मालक झाला अशी कायद्याची समजूत आहे. ज्यांनी हा कायदा केला त्यांच्या काळी मोठे फोन नव्हते. बैल होता, घोडा होता, फार तर बायकोच्या माहेरून आलेलं शिसवी कपाट होतं. मोठा फोन घेणारा माणूस पहिल्या दिवसापासून फोनच्या नोकरीला लागतो, आणि तीही बिनपगारी. शिंप्याकडे खिशाचं माप द्यायचं ते फोनच्या मापाने. एस.टी.त बसताना आधी फोनची सोय लावायची, मग उरलेल्या जागेत आपली. चपलेचा पट्टा लावायला वाकायचं तर एक हात छातीवरच्या खिशावर दाबून धरायचा. पाहणाऱ्याला वाटतं याला कळ आली. मला दोनदा अनोळखी माणसांनी धावत पाणी आणून दिलेलं आहे आणि दोन्ही वेळा मी ते प्यालो आहे.

हे सगळं मी सात वर्षांच्या नोकरीनंतर सांगतोय. फोन घेतला २०१८ साली, गणपतीच्या आधी. कंपनीचं नाव सांगत नाही. एक तर तिने मला जाहिरातीचे पैसे दिलेले नाहीत. दुसरं म्हणजे पुढे फोनच्या म्हातारपणाविषयी चार शब्द येणार आहेत, आणि म्हातारपणाला कोणतीच कंपनी जबाबदार नसते.

या फोनच्या पोटात एक लेखणी आहे. बुडाशी दाबलं की ती टिचकन बाहेर येते. इंग्रजीत तिला स्टायलस म्हणतात, आमच्या घरात काडी म्हणतात. बँकेत मी ती पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा शेजारच्या काउंटरवरून प्रश्न आला, "काय हो, कान कोरायला का?" हा विनोद सात वर्षांत मी निदान तीनशे माणसांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो आपल्यालाच प्रथम सुचला असा आनंद प्रत्येकाच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. तेव्हा मीही प्रत्येक वेळी नव्याने हसतो. ग्राहकसेवा म्हणतात ती हीच.

मोठमोठ्या माणसांनीही काडीची टिंगल केलेली आहे. ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयफोन जगाला दाखवला तेव्हा भर सभेत विचारलं की, लेखणी हवी आहे कोणाला? देवाने जन्मतःच बोटं दिलेली आहेत, ती हरवत नाहीत, असा एकंदर सूर. सभा हसली. पुढे २०१५ साली त्यांच्याच कंपनीने आयपॅडसाठी पेन्सिल काढली आणि तिचे वेगळे पैसे घेतले. तोवर जॉब्ज यांना जाऊन चार वर्षं झाली होती. माणूस गेला की त्याच्या मतांना फार भराभर घसारा लागतो.

आमचं पळस्पे जगाला फाटा म्हणूनच माहीत आहे. मुंबईकडून आलेली गाडी इथे आली की तिला ठरवावं लागतं, खंडाळ्याचा घाट चढून पुण्याला जायचं, की कर्नाळ्याच्या सुळक्याकडे तोंड करून गोव्याची वाट धरायची. या फाट्यापासून इंदापूरपर्यंतच्या ८४ किलोमीटर रस्त्याचं चौपदरीकरण सुरू झालं २०११ साली. त्याच २०११ साली 'गॅलक्सी नोट' नावाचा लेखणीवाला पहिला मोठा फोन बाजारात आला. पडदा होता ५.३ इंचांचा, आणि एवढा पोळपाट कानाला लावणार कोण म्हणून लोकांनी त्याची चेष्टा केली. आज ५.३ इंचांचा फोन दुकानात मागितला तर दुकानदार विचारतो, लहान मुलासाठी हवाय का? त्या 'नोट' घराण्याला पिढ्या झाल्या. मधल्या एका पिढीतल्या फोनांच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या म्हणून २०१६ साली ते जगभरातून परत बोलावण्यात आले. २०२० साली घराण्याचं शेवटचं अपत्य आलं, २०२१ साली पाळणा हललाच नाही, आणि २०२२ साली लेखणी दुसऱ्या घराण्यात दत्तक गेली. एवढा सगळा वंशविस्तार आणि निर्वंश होईपर्यंत आमच्या रस्त्याचं काम चालूच होतं. तात्पर्य काढायची मला सवय नाही. दोन्ही तारखा एकाच सालच्या निघाल्या एवढंच.

फाट्यावर राहणाऱ्या माणसाचा एक स्वभाव बनतो. दिवसभर दुसऱ्यांना इकडे की तिकडे हे ठरवताना पाहून त्याला स्वतः काही ठरवायची घाई राहत नाही. हे सांगायचं कारण म्हणजे गेले चार महिने आमच्या घरात एक प्रश्न पडून आहे, आणि तो या फोनबद्दल आहे. पण त्याआधी आप्पांविषयी सांगायला हवं.

आप्पा म्हणजे माझे वडील. एस.टी.त कंडक्टर होते. २००४ साली निवृत्त झाले. हयात पनवेल-महाड मार्गावर गेली. पळस्पे फाटा, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, ही नावं त्यांनी इतकी वर्षं इतक्या मोठ्याने घेतली की घरी विष्णुसहस्रनामही ते थांब्यांच्या चालीवर म्हणत. अशा माणसाच्या घशाचं ऑपरेशन झालं २०१९ च्या पावसाळ्यात, आणि आवाज गेला. बाकी तब्येत ठणठणीत. डोकं तर आमच्यापेक्षा चांगलं. फक्त आवाज नाही.

पहिले आठ दिवस त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या पानांवर लिहून काढले. घरभर कागद. देवघरात चिठ्ठी, तिच्यावर "चहा". तांदळाच्या डब्यावर चिठ्ठी, तिच्यावर "पंखा बंद". कुठली आजची आणि कुठली कालची ते कळेना. शेजाऱ्यांनी चांगल्या मनाने एक पाटी आणून दिली, सोबत खडूही. आप्पांनी पाटीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि पाटीवर त्यांनी जे पहिलं आणि शेवटचं वाक्य लिहिलं ते असं: "मला परत बिगारीत घालता काय?"

मग मी त्यांच्या हातात काडी दिली.

आमच्या फोनची एक खुबी आहे. पडदा बंद असताना, काळा असताना, काडी ओढून काढली की त्या काळ्या पडद्यावर तसंच लिहिता येतं, आणि अक्षर उमटतं पांढरं. म्हणजे पाटीच. आप्पांच्या हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. बराच वेळ माझ्याकडे रोखून पाहत राहिले. पण तोवर त्यांना चटक लागली होती. काडी परत पोटात सरकवली की लिहिलेलं आपोआप जपून ठेवलं जातं आणि नवी कोरी पाटी तयार. पुसायला नको, फडकं नको. सकाळी मी बँकेत जाताना दुसरा, साधा फोन घेऊन जाऊ लागलो. मोठा घरी राहिला. ज्या फोनसाठी मी बारा हप्ते भरले होते तो वर्षभरात आप्पांच्या सेवेत रुजू झाला. मालक बदलला, पावतीवर नाव माझंच राहिलं.

त्यांचं अक्षर पाहण्यासारखं होतं. कंडक्टरचं वेबिल धावत्या गाडीत लिहायचं असतं. तीस-पस्तीस वर्षं वडखळचे खड्डे खात लिहिल्यावर अक्षराला एक हिसका बसतो आणि तो पुढे आरामखुर्चीतही सुटत नाही. आप्पांची प्रत्येक ओळ मध्येच एकदा उसळायची. ओळ पाहून मला वाटायचं, इथे नागोठणं आलं. खोक्यावर लिहिलं होतं की या लेखणीला हाताच्या दाबाच्या ४,०९६ पायऱ्या कळतात. (आमच्या मॅनेजरसाहेबांना दोनच कळतात.) लिहिण्यापुरती काडीला बॅटरी लागत नाही: पडद्याखाली एक जाळी असते, ती चुंबकी लहरी सोडते, काडीतलं तारेचं बारीक वेटोळं त्या लहरींना साद देतं, आणि काडी कुठे आहे, किती जोराने टेकली आहे ते पडद्याला समजतं. या विद्येत वाकोम नावाच्या जपानी कंपनीचा हात धरणारं कोणी नाही. आप्पांना हे मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिलं, "म्हणजे दोघांत बोलणं होतं. बरं आहे त्यांचं."

लिहून झालं की आप्पा काडीने पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दोनदा टकटक करायचे. डबल बेल. म्हणजे माझं संपलं, आता तुम्ही बोला. आपण मध्येच बोलू लागलो तर एकच टक. म्हणजे गाडी थांबवा, माणूस चढतोय. दीड वर्षात आमचं सगळं घर बेलवर चालू लागलं होतं. आमची ही तर फोडणी देता देता चमच्याने कढईवर डबल बेल द्यायला लागली.

२०२१ च्या मार्चमध्ये आप्पा गेले. झोपेत गेले, कोणाला त्रास न देता. फोन उशाशी होता.

आता तो प्रश्न.

सात वर्षांत फोनने काय काय पाहिलं! बॅटरी एकदा बदलली. पाठीची काच एकदा गेली, नवी बसवली. काडीचं टोक झिजलं, तेही दुसरं घातलं. नवी सॉफ्टवेअरं यायची बंद होऊनही दिवस झाले. दुपारी बारा वाजता तो निम्म्यावर येतो आणि चारला मान टाकतो. आमचे चिरंजीव एकोणीस वर्षांचे आहेत. एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "बाबा, हा एक्स्चेंजमध्ये द्या आणि नवा घ्या. आजोबांचं सगळं लिखाण नव्यात उतरवून देतो. चारशे बारा पानं आहेत, मोजलीत मी. दहा मिनिटांचं काम."

दुकानात चौकशी केली. जुन्या फोनचे देणार १,५०० रुपये. मी घरी येऊन हिशेब मांडला. आयकराच्या नियमांत संगणकाला वर्षाला ४० टक्के घसारा धरतात, आणि असला फोन म्हणजे खिशातला संगणकच. ६०,००० ची वस्तू घटत्या शिल्लकेच्या पद्धतीने सात वर्षांनी १,६८० वर येते. म्हणजे दुकानदार अगदी शास्त्रशुद्ध बोलत होता, वरचे १८० त्याचा नफा. बहुधा बी.कॉम. असावा.

ज्यांनी कॉमर्स केलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. घसारा काढायच्या दोन मुख्य पद्धती. सरळ रेषेच्या पद्धतीत दर वर्षी ठरावीक रक्कम कापतात आणि एके दिवशी वस्तूची किंमत शून्य होते. विषय संपला. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीत दर वर्षी उरलेल्या किमतीचा ठरावीक हिस्सा कापतात. त्यात किंमत घटत घटत जाते, पण शून्य कधीच होत नाही. शंभर वर्षांनी पैशाचा कुठला तरी कण वहीत राहतोच. कॉलेजात हे शिकवलं तेव्हा मला तो गणिताचा वेंधळेपणा वाटला होता. आमच्या घरात मात्र संसार दोन्ही पद्धतींनी चालतो. ही सरळ रेषेवाली. सात वर्षं वापरला, पैसे फिटले, द्या. जुन्या साड्यांवर भांडी घेताना मी तिचा चेहरा पाहिला आहे. त्यावर लवलेश खेद नसतो. मी घटत्या शिल्लकेचा.

पण चिरंजिवांचा मुद्दा घसाऱ्याचा नव्हताच. तो म्हणाला, "तुम्हाला फोन हवाय की आजोबांचं अक्षर? अक्षर तर तस्संच येणार." आणि त्याने करून दाखवलं. त्याच्या फोनवर आप्पांची पानं उघडली. तेच अक्षर, तोच हिसका, नागोठणं जागच्या जागी. तसूभर फरक नाही.

"झालं तर मग?" तो म्हणाला.

तिथे मी अडलो. गेली बावीस वर्षं मी लोकांना एकच वाक्य ऐकवत आलो आहे: "मूळ प्रत दाखवा, झेरॉक्स चालणार नाही." आधार कार्ड असो, सात-बारा असो, मृत्यूचा दाखला असो. मूळ कागद पाहायचा, झेरॉक्सवर शिक्का मारायचा, सही ठोकायची. तहसील कचेरीत तर 'खरी नक्कल' असा शिक्काच असतो. हे शब्द मी इतके वेळा वाचले आहेत की त्यांतली गंमत त्या रात्री प्रथम दिसली. नक्कल आहे तर खरी कशी? आणि खरी आहे तर नक्कल का म्हणायची?

कागदाचं सोपं असतं. शाई तिथे सांडलेली असते, पेन तिथे रुतलेलं असतं; बाकीच्या सगळ्या त्याच्या नकला. पण आप्पांनी कागदावर लिहिलंच नाही. काडी काचेवरून फिरली, जाळीने टिपलं, आकडे झाले, आकड्यांचं परत अक्षर झालं. मूळ प्रत कुठली? फोनमधले आकडे? ते तर चिरंजिवांच्या फोनमध्येही शब्दशः तेच. मी बँकेचा माणूस. दोन माणसं आली आणि दोघांकडेही अस्सल प्रत निघाली तर आम्ही पोलिसांना फोन करतो. इथे कुणाला करणार?

असल्या प्रश्नावर ग्रीक लोकांनी फार डोकं खाजवलं आहे. थिसियस नावाच्या वीराचं जहाज अथेन्सकरांनी जपून ठेवलं होतं. फळी कुजली की नवी बसवायची. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच की दुसरं, यावर तत्त्वज्ञ भांडत, असं प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे. मला हे आप्पांना विचारायची गरजच पडली नाही, कारण ते हयातीतच उत्तर देऊन गेले होते. एस.टी.ची गाडी दापोडीच्या कारखान्यात जायची, जुन्या चासीवर नवी बॉडी चढून यायची. सीटं नवी, पत्रा नवा, कधी इंजिन दुसरं. मी लहानपणी विचारलं होतं, "आप्पा, ही तीच गाडी का?" आप्पा म्हणाले, "नंबर तोच ना? मग गाडी तीच. वेबिलावर नंबर लिहायचा असतो, पत्रा नाही." आर.टी.ओ.चंही मत हेच आहे आणि अथेन्समध्ये आर.टी.ओ. असता तर प्रश्न तिथेच मिटता.

त्या न्यायाने पाहिलं तर बॅटरी, काच, टोक बदलूनही माझा फोन तोच, कारण त्याचा पंधरा आकडी आय.एम.ई.आय. नंबर तोच. आणि त्याच न्यायाने नवा फोन तो नव्हे. मला वाटलं, जिंकलो. मी चिरंजिवांना हे ऐकवलं. तो म्हणाला, "बाबा, आजोबांना गाडीचा नंबर महत्त्वाचा होता, कारण पॅसेंजर रोज बदलत होते. इथे पॅसेंजर महत्त्वाचा आहे. पॅसेंजर बस बदलू शकतो." या पिढीला फुकट शिकवलं असं कोण म्हणतो!

मग मी त्याला कोपरा दाखवला. पडद्यावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला आहे, ओरखड्यांपासून बचावासाठी. त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पै एवढा एक पांढुरका डाग आहे. दीड वर्ष रोज तिथे डबल बेल बसली त्याचा तो. उजेडात तिरका धरला तर बारीक बारीक खड्डे दिसतात. "हे उतरवून दे तुझ्या फोनवर," मी म्हणालो.

त्याने फोन तिरका धरून पाहिलं. जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पापुद्रा सोलून ठेवू या. फोन देऊन टाका." आत पोळ्या लाटणाऱ्या हिचा आवाज आला, "आणि तो पापुद्रा ठेवणार कुठे? कपाटात आधीच आप्पांचा चष्मा आहे, तिकिटांचा ट्रे आहे, चिमटा आहे!"

माझ्या धंद्याने हा प्रश्न कसा सोडवला ते मी मग आठवून पाहिलं. पूर्वी चेक हा कागद स्वतः प्रवास करायचा. एका बँकेतून निघायचा, क्लिअरिंग हाउसमध्ये जायचा, दुसऱ्या बँकेत पोचायचा, तिथे कोणी तरी नमुन्याच्या सहीशी सही ताडून पाहायचा. माझी उमेदीची वर्षं यात गेली. मग चेकचं चित्र पाठवायची पद्धत आली. दिल्लीत २००८ साली, चेन्नईत २०११ साली, मुंबईत २०१३ च्या एप्रिलमध्ये. त्यासाठी कायदाही २००२ सालीच बदलून ठेवला होता. आता चेक पहिल्याच बँकेत बसून राहतो आणि त्याचं चित्र पुढे जातं. चित्रावरची सही पाहून लाखोंच्या रकमा इकडच्या तिकडे होतात. म्हणजे देशाच्या सगळ्या बँकांनी मिळून ठरवलं की नक्कल पुरते. चिरंजिवांच्या बाजूने याहून मोठा दाखला नाही, आणि तो मीच त्याला पुरवला.

कायदा मात्र सगळीकडे एवढा उदार नाही. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने संगणकातल्या मजकुराला कागदाचा मान दिला, पण काही दस्तऐवज बाजूला ठेवले. मृत्युपत्र त्यात आहे. ते अजून कागदावरच लागतं, खाली दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट. हे मी मुद्दाम पाहून घेतलं, कारण चारशे बारा पानांत एक पान असं आहे: "घड्याळ नातवाला. ट्रे आणि चिमटा कोणी मागितला तर द्या, कोणी मागणार नाही. छत्री मोडली आहे, कोणालाच नको. सूनबाईला माझी खुर्ची, तिला बसायला वेळ मिळाला तर." कायद्याच्या दृष्टीने हे पान शून्य. घड्याळ चिरंजिवांच्या हातात आहे. खुर्चीत ही अजून बसलेली नाही, पण दर दिवाळीला तिला पॉलिश होतं.

चार महिन्यांत मी ती सगळी पानं दोनदा वाचली. "दूध ३ खाडे. पैसे कापा." "मुगाची खिचडी बरी होती. रोज बरी नको." "डॉक्टरला साखरेचं सांगू नका." "पेणचा भाव विचारला का?" कसला भाव, ते आता कोणाला आठवत नाही. "नाही म्हटलं ना!" हे एक पान. कशाला नाही? आम्ही काय विचारलं होतं? फोनने आप्पांचं तेवढं जपलं. आमचं बोलणं तोंडी होतं, ते हवेत गेलं. एका टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाजवळ उभं राहून ऐकावं तशी ही पानं आहेत. चारशे बारा पानं, प्रत्येक पान अर्धं. उरलेलं अर्धं म्हणजे ही ओट्यापाशी उभी आहे, मी दारात चपला काढतोय, आणि आप्पांची काडी चालू आहे, आणि आम्ही दोघं डबल बेलची वाट बघतोय. जुन्या फोनमध्ये ते नाही. नव्यातही उतरणार नाही. मूळ प्रत म्हणून मी जी शोधत होतो ती त्या वेळीसुद्धा फोनमध्ये नव्हती. तिथे पहिल्या दिवसापासून होती ती खरी नक्कलच.

हे कळल्यावर वास्तविक फोन देऊन टाकायला हरकत नव्हती. चिरंजीवही तेच म्हणाले, जरा मऊ आवाजात.

शेवटच्या दिवसाचं एक पान आहे. एकच शब्द. हात थकलेला असावा, दाबाच्या ४,०९६ पायऱ्यांतल्या अगदी खालच्या दोन-चार वापरलेल्या. मी तो 'पुढे' वाचतो. कंडक्टर माणूस, पुढे सरका म्हणाला असेल. ही वाचते 'पेढे', आणि तिचं म्हणणं असं की आप्पा आणि डॉक्टर यांचा इतिहास पाहता 'पेढे'च. नव्या फोनमध्ये हाताचं अक्षर ओळखून छापील करून द्यायची सोय असते. चिरंजिवांनी ते पान तिला दाखवलं. यंत्राने क्षणभर विचार केला आणि छापलं, 'पडदे'. आमच्या घरात पडदे नाहीत, कधीच नव्हते. पण त्या दिवशी आम्ही तिघंही मोठ्याने हसलो, मग तिघंही थांबलो, आणि ही म्हणाली, "हे नव्यात तसंच घे. छापील करू नकोस."

नवा फोन आता घेतलेला आहे, हप्त्यांवर. पानं त्यात उतरवलेली आहेत. जुना दुकानात गेलेला नाही. १,५०० रुपयांचं नुकसान मी घरखर्चात किरकोळ खात्याला टाकलं आहे. हिने विचारलं, "आणि हा किती दिवस सांभाळायचा?" मी तिला रिझर्व्ह बँकेचा नियम सांगितला. चित्र पुढे गेलं, पैसे वळते झाले, सगळं सगळं उरकलं, तरी मूळ चेक फाडून टाकायचा नसतो. तो ज्या बँकेत पहिल्यांदा आला तिने दहा वर्षं जपून ठेवायचा असतो. का, ते आम्हा कारकुनांना कोणी सांगत नाही. आम्ही गठ्ठे बांधून ठेवतो.

"म्हणजे कधीपर्यंत?"

"मार्च २०३१."

तिने तारीख ऐकून घेतली आणि कपाटातला तिकिटांचा ट्रे थोडा डावीकडे सरकवला. म्हातारी बॅटरी पार रिकामी पडू द्यायची नसते, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन अर्धा भरून ठेवायचा असं ठरलं आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिने स्वतःच्या हाताने लिहिलंय: गॅस, केबल, आप्पा.